बातमीचे वाचन आणि मराठीचा तास

महाराष्ट्राच्या दहावीच्या परीक्षेत मराठी प्रथम भाषेची लेखी प्रश्नपत्रिका ८० गुणांची असते आणि त्यांपैकी २४ गुण उपयोजित लेखनासाठी, म्हणजे व्यवहारात प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या लेखनासाठी, राखून ठेवलेले असतात. पत्र, सारांश आणि निबंध यांच्या जोडीला जाहिरात, बातमी आणि कथा हे प्रकार त्यात येतात. २०१८ मध्ये आलेल्या ‘कुमारभारती’ने बातमी आणि जाहिरात यांना दिलेले हे स्थान स्वागतार्हच आहे, कारण त्यामुळे जालना जिल्ह्यातील मंठा किंवा जाफराबादसारख्या तालुक्यातील मुलालाही मथळा कसा द्यावा, स्थळ व तारीख कोठे लिहावी आणि महत्त्वाची गोष्ट पहिल्याच वाक्यात कशी आणावी, हे शाळेत कळू लागले. तथापि परीक्षेत बातमी लिहिताना त्या मुलापुढे घडलेली घटना नसते. प्रश्नपत्रिकेत एखादा कार्यक्रम सुचवलेला असतो, आणि वृक्षारोपण कोणाच्या हस्ते झाले, रोपे किती लावली, प्रमुख पाहुणे काय म्हणाले, हा सर्व तपशील त्याने कल्पनेने भरून ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असे वर लिहायचे असते. खरा वाटेल असा मजकूर कसा तयार करायचा, हे अशा रीतीने त्याला शिकवले जाते. समोर आलेला मजकूर खरा आहे की नाही हे कसे ठरवायचे, हा प्रश्न मात्र त्याला कोणी विचारत नाही. शालेय मराठीतील ही उणीव आज सर्वांत अधिक बोचणारी आहे आणि ती भरून काढण्याची जागाही मराठीचा तास हीच आहे.

माध्यमसाक्षरता ही संज्ञा अलीकडे बरीच वापरली जाते, पण तिचा अर्थ अनेकदा संगणक किंवा मोबाइल चालवता येणे एवढाच घेतला जातो. त्या कौशल्याला डिजिटल साक्षरता हे वेगळे नाव आहे. वर्तमानपत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी, भिंतीवरची जाहिरात किंवा मोबाइलवरचा संदेश यांपैकी कोणत्याही वाटेने आलेला मजकूर कोणी, कोणासाठी आणि कशासाठी तयार केला, त्यात काय सांगितले आणि काय गाळले, हे ओळखून त्यावर किती विश्वास टाकायचा हे ठरवता येणे, आणि स्वतः लिहिताना किंवा पुढे पाठवताना तीच जबाबदारी पाळता येणे, याला माध्यमसाक्षरता म्हणतात. युनेस्कोच्या पुढाकाराने १९८२ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे माध्यमशिक्षणाचा जाहीरनामा निघाला आणि २०११ मध्ये याच संस्थेने शिक्षकांसाठी या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १९८७ मध्येच हा भाग इंग्रजी भाषेच्या अभ्यासक्रमात घेतला होता. फिनलंडने २०१४ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ‘बहुसाक्षरता’ या नावाने तो सर्व विषयांत विणला. भारतात केरळ या बाबतीत पुढे आहे; तेथे २०२२ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या मोहिमेतून पाचवी ते दहावीच्या लाखो विद्यार्थ्यांना खोट्या बातम्या ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले आणि पुढे माहिती-तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतही त्याला जागा मिळाली. केरळची ही कामगिरी मोलाची असली, तरी विषय तंत्रज्ञानाच्या पुस्तकात ठेवण्याचा निर्णय अपुरा वाटतो. मजकूर येतो यंत्रातून, पण तो पटवला जातो भाषेने, आणि भाषेचे बारकावे शिकवणारा शिक्षक शाळेत एकच असतो.

या विषयाची निकड महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन अनुभवली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. त्याआधी कित्येक दिवस मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे आलेल्या संदेशावर तशी खूणही दिसू लागली. परंतु त्या खुणेचा अर्थ एवढाच की हा मजकूर पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही. मग तो कोणी लिहिला, हा प्रश्न वाचणाऱ्यालाच पडावा लागतो. सरकारी यंत्रणेने खरे-खोटे ठरवून द्यावे, हा मार्गही निर्वेध नाही. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची माहिती खोटी ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाला देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. कायदा आणि कंपनी यांच्या हाती असलेले उपाय संपतात, तेथे वाचकाची स्वतःची पारख उरते.

ही पारख आज कोणत्या वयात लागते, याची कल्पना ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीवरून येते. २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुले सुमारे ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के. ‘असर’च्याच २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील जवळपास एक चतुर्थांश मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उताराही अस्खलित वाचता येत नव्हता. हे आकडे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. ज्या मुलाला लांब वाक्याचा कर्ता सापडत नाही, त्याच्याकडून संदेशातील लबाडी हेरण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून माध्यमसाक्षरता ही वाचन पक्के झाल्यावर द्यायची वरकड गोष्ट नसून वाचन पक्के करण्याचाच एक मार्ग आहे, असे समजून तिची आखणी व्हायला हवी.

मराठीच्या तासाला हे काम कसे होऊ शकते, हे बातमीची भाषा जवळून पाहिली की ध्यानात येते. ‘सिलिंडर ५० रुपयांनी महागला’ आणि ‘सिलिंडर तब्बल ५० रुपयांनी महागला’ या दोन वाक्यांतील माहिती एकच आहे. दुसऱ्यात बातमीदाराचे मत एका क्रियाविशेषणाच्या आड येऊन बसले आहे. ‘चक्क’, ‘अखेर’, ‘म्हणे’ ही त्याच कुळातील अव्यये आहेत. ‘असे समजते’, ‘अशी चर्चा आहे’, ‘सूत्रांनी सांगितले’ या शब्दप्रयोगांत सांगणारा माणूस दडलेला असतो, आणि तो का दडला आहे याची कारणे कधी रास्त असतात, कधी नसतात. अव्यय, क्रियाविशेषण, विधानार्थी आणि उद्गारार्थी वाक्य हे सगळे घटक मुले शिकतच असतात. ते बातमीला लावून पाहायचे एवढेच राहिलेले असते.

व्याकरणातील प्रयोग हा भाग तर या दृष्टीने फारच उपयोगाचा आहे. बारावीच्या ‘युवकभारती’त तो आहे आणि बहुतेक विद्यार्थी कर्तरी, कर्मणी, भावे ही नावे गुणांपुरती पाठ करतात. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी चाललेल्या उपोषणाच्या ठिकाणी जे घडले, ते सांगण्याच्या निरनिराळ्या वाक्यरचना फळ्यावर लिहिल्या, तर प्रयोगाचे काम काय असते हे एका तासात उमगेल. ‘पोलिसांनी लाठीमार केला’ या वाक्यात कर्ता समोर उभा आहे. ‘लाठीमार करण्यात आला’ यात कर्ता पडद्याआड गेला आहे. ‘लाठीमार झाला’ यात तर कृती जणू आपोआप घडली आहे. ‘दगडफेकीनंतर लाठीमार’ या मथळ्यात ‘नंतर’ हे एकच अव्यय आधी काय घडले याचा निवाडा देऊन मोकळे होते, आणि आधी काय घडले हाच त्या दिवशीच्या घटनेतला वादाचा मुद्दा होता. यांतील एकही वाक्य व्याकरणदृष्ट्या चुकीचे नाही. कोणते वाक्य निवडले गेले आणि त्या निवडीने वाचकाच्या मनात कोणती बाजू आधी उभी राहिली, हे विद्यार्थ्याने पाहायचे. घटनेबद्दल मत बनवण्याचा त्याचा अधिकार अबाधित ठेवून शिक्षकाने त्याला वाक्य दाखवायचे.

अर्थात ताज्या जखमेवर व्याकरण शिकवणे सोपे नाही, आणि हे उदाहरण अकरावी-बारावीच्या जाणत्या विद्यार्थ्यांपुरतेच ठेवणे शहाणपणाचे ठरेल. गावात शिक्षकाला सर्व बाजूंच्या घरांशी संबंध ठेवावे लागतात, त्यामुळे त्याचा संकोच समजून घेतला पाहिजे. खालच्या वर्गांसाठी पावसाच्या बातम्या अधिक उपयोगी आहेत, कारण त्यांत कोणाची बाजू दुखावत नाही आणि जालन्यातील प्रत्येक घराचा त्यांच्याशी संबंध असतो. दर पावसाळ्यात कोठे ना कोठे ‘ढगफुटी’ झाल्याचे मथळे झळकतात. हवामानशास्त्रात साधारणपणे २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला तरच ढगफुटी म्हणतात. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस हा जोरदार, ११५.६ ते २०४.४ हा अतिजोरदार आणि त्यापुढचा अत्यंत जोरदार गणला जातो. महसूल खात्याच्या भाषेत महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी होते, आणि पिकांच्या नुकसानभरपाईचा हिशेब त्या नोंदीपासून सुरू होतो. ढगफुटीचा मथळा आलेल्या दिवशी मंडळातील पर्जन्यमापकावर किती मिलिमीटर नोंद झाली, हे सहावी-सातवीच्या मुलांना शोधायला सांगितले, तर बातमीतील विशेषण आणि मोजमाप यांतील अंतर त्यांना पुस्तकाबाहेर, स्वतःच्या शिवारात दिसेल. पिकाची नासाडी झालेल्या शेतकऱ्याला मोठ्या शब्दाने काहीच मिळत नाही, हेही त्यांना तेव्हाच कळेल.

जाहिरातीच्या बाबतीत जालन्याइतका भरपूर कच्चा माल दुसऱ्या जिल्ह्याला क्वचितच लाभला असेल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी उभी केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या मागोमाग जालना हे देशातील बियाणे उद्योगाचे एक प्रमुख केंद्र बनले. त्यामुळे मृग जवळ आला की भिंती, एसटी थांबे, कृषी सेवा केंद्रांची दारे आणि ध्वनिक्षेपक लावलेल्या गाड्या बियाण्यांच्या जाहिरातींनी भरून जातात. पाठ्यपुस्तक मुलांना मोजक्या, आकर्षक, यमक जुळणाऱ्या शब्दांत जाहिरात लिहायला सांगते. त्यापुढची पायरी म्हणजे घरातील बियाण्याची रिकामी पिशवी वर्गात आणायची. पिशवीच्या पुढच्या बाजूवर टपोऱ्या बोंडांचे किंवा शेंगांनी लगडलेल्या झाडाचे चित्र आणि भरघोस उत्पादनाचे आश्वासन असते; मागच्या बाजूला किंवा लेबलवर बारीक अक्षरांत वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्तीची किमान टक्केवारी, शुद्धता, चाचणीची तारीख आणि कोणत्या तारखेपर्यंत बियाणे वापरता येईल, हे छापलेले असते. पुढची बाजू कोणतीही कंपनी आपल्या मनाप्रमाणे सजवू शकते, तर मागची माहिती १९६६ च्या बियाणे कायद्यामुळे आणि त्याखालील नियमांमुळे द्यावीच लागते. सोयाबीनच्या बियाण्याची किमान उगवणशक्ती ७० टक्के ठरवलेली आहे, याचा अर्थ शंभर दाण्यांपैकी तीस न उगवले तरी ते बियाणे प्रमाणात बसते, आणि एकरी किती बियाणे टाकावे याचा अंदाज त्यावर अवलंबून असतो. चित्रातील झाडावर हे कोठेच लिहिलेले नसते. एकाच पिशवीवरील हे दोन मजकूर आवाहन आणि माहिती यांतील भेद इतक्या स्पष्टपणे दाखवतात, की त्यासाठी वेगळा धडा लिहिण्याचीही गरज नाही.

जाहिरात बातमीच्या वेषात येते तेव्हा काम अवघड होते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या वेळी उमेदवारांची स्तुती करणारा जवळपास तोच मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत बातमी म्हणून छापून आल्याचे ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून उघडकीस आणले. पैसे घेऊन छापलेल्या अशा मजकुराला तेव्हापासून सर्रास ‘पेड न्यूज’ म्हटले जाते, आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेने नेमलेल्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल दिला. साईनाथ यांची रीत येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे: त्यांनी निरनिराळी वर्तमानपत्रे शेजारी ठेवून वाचली. एकच अंक घरी घेणाऱ्या वाचकाला ती लबाडी दिसण्याचा संभवच नव्हता.

शेजारी ठेवून वाचण्याच्या या रीतीला संशोधनाचाही पाठिंबा मिळाला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातील विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस अपरिचित संकेतस्थळांची पारख कशी करतात, हे तपासले. अभ्यासक आणि विद्यार्थी त्या पानावरच खाली-खाली वाचत गेले आणि देखण्या मांडणीला, अधिकृत वाटणाऱ्या चिन्हाला भुलले; तथ्यतपासनीस मात्र ते पान लगेच बाजूला ठेवून त्याविषयी इतर कोण काय सांगते याचा शोध घेऊ लागले आणि थोड्या वेळात योग्य निष्कर्षाला पोहोचले. कृत्रिम बुद्धिमत्तेने हुबेहूब आवाज आणि चेहरा तयार करता येऊ लागल्यापासून या रीतीचे महत्त्व वाढलेच आहे, कारण चित्रफीत निरखून तिची बनावट ओळखण्याचे दिवस सरत चालले आहेत आणि ती कोठून आली हाच भरवशाचा प्रश्न उरला आहे. छापील वर्तमानपत्रावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व पत्ता असतो; १८६७ च्या कायद्यापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा हे त्या ओळीवरून कळते. मोबाइलवर ‘न्यूज’ नावाने चालणाऱ्या कित्येक वाहिन्यांवर तशी एक ओळही सापडत नाही. शेवटच्या पानावरची ती बारीक ओळ प्रत्येक मुलाने एकदा तरी स्वतः शोधून वाचावी.

मराठवाड्याला छापील शब्दाची किंमत निराळी सांगावी लागू नये. निझामाच्या राजवटीत आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ या पत्रावर पुनःपुन्हा बंदी येई आणि ते नवे नाव घेऊन पुन्हा निघे. सरकारी वृत्तात जे नसते ते कोठे वाचायचे, हे त्या पिढीच्या वाचकांना ठाऊक होते. तेव्हा बातमी दाबली जात होती, आज बातम्यांचा लोंढा येतो. पारखून वाचण्याचे काम दोन्ही काळांत वाचकाकडेच आले आहे.

या विषयाचा एक धोका सांगितलाच पाहिजे. केवळ संशय शिकवला, तर मूल ‘सगळेच खोटे असते’ असे म्हणू लागते, आणि कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस शेवटी आपल्या माणसाने पाठवलेल्या संदेशावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. म्हणून विश्वास कोठे ठेवावा हेही शिकवावे लागेल: चुकीची दुरुस्ती किंवा खुलासा छापणारे वर्तमानपत्र, आकड्याचा आधार देणारी बातमी, दोन्ही बाजूंशी बोललेला बातमीदार यांची उदाहरणे खोट्या बातम्यांपेक्षा अधिक संख्येने वर्गात आली पाहिजेत.

यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतील रोजच्या परिपाठात सुविचार, दिनविशेष, बोधकथा यांच्या बरोबरीने बातम्यांचे वाचन असतेच. अनेक ठिकाणी ते शिक्षकांच्या गटावर आलेल्या तयार मजकुरावरून होते, म्हणजे बातम्या वाचण्याच्या उपक्रमातच बातमी कोठून आली हे कोणी पाहत नाही. त्याऐवजी वर्तमानपत्र हाती धरून वाचावे, वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख आधी सांगावी, आणि बातमीत ही माहिती कोणी दिली आहे हे एका विद्यार्थ्याने उभे राहून सांगावे. एवढा बदल कोणताही मुख्याध्यापक उद्यापासून करू शकतो. केंद्र पातळीवर भरणाऱ्या शिक्षण परिषदेत मराठीच्या शिक्षकांनी अशी कात्रणे आणि बियाण्यांच्या पिशव्या एकमेकांना दाखवल्या, तर महिन्या-दोन महिन्यांत प्रत्येक केंद्राकडे स्वतःचा संग्रह होईल. अकरावीच्या ‘युवकभारती’त मुद्रितशोधन आणि अनुदिनीलेखन, म्हणजे ब्लॉग, तर बारावीच्या पुस्तकात मुलाखत, अहवाल आणि वृत्तलेख हे भाग आहेत; विद्यार्थ्याने आपल्या गावातील एखाद्या ऐकीव गोष्टीचा माग काढून त्याचा अहवाल लिहावा, असा प्रकल्प त्यांत सहज बसतो.

तथापि आपल्याकडे जे परीक्षेत येते तेच मनापासून शिकवले जाते, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून राज्य मंडळाने आणि ‘बालभारती’ने दहावीच्या २४ गुणांतील निदान पाच गुण अशा प्रश्नाला द्यावेत, ज्यात छापून आलेली एक खरी बातमी किंवा जाहिरात दिलेली असेल आणि ही माहिती कोणी दिली, यातील मत कोणत्या शब्दांत आहे, कोणती गोष्ट सांगायची राहिली आहे, असे विचारलेले असेल. तो निर्णय होईपर्यंत जालना जिल्ह्यातील मराठीच्या शिक्षकांनी वाट पाहू नये. येत्या सोमवारी एकाच घटनेच्या दोन वर्तमानपत्रांतील बातम्या वर्गात न्याव्यात आणि मुलांना त्या शेजारी ठेवून वाचू द्याव्यात.